जर्मनीतल्या छोट्या गावात 'अमेरिकन बाई' म्हणून शिकवताना

शेंगदाणाकूट

इथे जर्मनीवरचे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक म्युनिक, फ्रँकफर्ट, स्टुटगार्टचे आणि आयटीवाल्यांचे. माझं प्रकरण जरा आडवाटेचं आहे. जन्म सांगलीचा, शाळा-कॉलेज पेनसिल्व्हेनियात, पासपोर्ट अमेरिकेचा आणि सध्या मुक्काम बायर्नच्या (म्हणजे बव्हेरियाच्या) ईशान्य कोपऱ्यात, ओबरफाल्झ भागात. चेक सीमा जवळच. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण गावात रेआलशूलं (पाचवी ते दहावीची शाळा) एकच आणि सावळी अमेरिकन बाईही एकच. आमच्यासाठी 'शहर' म्हणजे वायडन, चाळीसेक हजार वस्तीचं.

फुलब्राइटच्या कार्यक्रमात अमेरिकेतले ताजे पदवीधर जर्मन शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येतात, त्यातली मी एक. कोणाला कुठली शाळा हे 'पाड' नावाची बॉनमधली सरकारी कचेरी ठरवते. अर्जात बर्लिन-हांबुर्ग लिहायला कोणी अडवत नाही, पण माणसं लागतात ती अशा गावांना. आठवड्याला १२ तास, तास ४५ मिनिटांचा. मुलांना गुण मी द्यायचे नाहीत आणि कागदोपत्री तरी वर्गात एकटीने उभं राहायचं नाही. प्रत्यक्षात एखादे बाई-सर आजारी पडले की काय होतं ते शिक्षक असलेल्यांना सांगायला नको.

इथे 'अमेरिकन' या शब्दाचा अर्थ आधीच ठरून गेलाय: कॅम्पवरचा. जवळच ग्राफनव्योरचं लष्करी सराव मैदान आहे. बव्हेरियन सैन्याने ते बांधलं, पहिला तोफगोळा ३० जून १९१० ला सुटला आणि १९४५ पासून ते अमेरिकनांकडे आहे. क्षेत्रफळ २३० चौरस किलोमीटरच्या आसपास. तोफांचा सराव असला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. माझी घरमालकीण मान वर न करता बटाटे सोलत राहते. एल्विस प्रेस्लीसुद्धा शिपाई म्हणून १९५८ च्या नोव्हेंबरात इथे सरावाला आला होता आणि तिथल्या मिकी बारमध्ये गायला होता. ही गोष्ट मला गावातल्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाने स्वतंत्रपणे सांगितली आहे.

त्यामुळे "मी अमेरिकन" म्हटलं की पहिला प्रश्न, नवरा कॅम्पवर असतो का? नवराच नाही म्हटल्यावर दुसरा, मग तुम्ही स्वतः सैन्यात? तेही नाही. मग थोडा वेळ शांतता आणि तिसरा प्रश्न, तो इथल्या सगळ्या परदेशस्थांना पाठ असेल: "पण मूळच्या कुठल्या?" खरं सांगू का, मला याचा राग येत नाही. पिट्सबर्गमध्येही हाच प्रश्न यायचा, फक्त जरा आडून. इथे सरळ विचारतात, उत्तर ऐकतात, लक्षात ठेवतात, आणि पुढच्या आठवड्यात बेकरीवाली सांगलीला पाऊस झाला का म्हणून विचारते.

मुलांचा मात्र माझ्याकडे बघून अपेक्षाभंग झाला. पाचवीच्या पोरांना मालिकांमधल्यासारखी सोनेरी केसांची 'चीअरलीडर' हवी होती. त्यांचे प्रश्न: शाळेची बस खरंच पिवळी असते? घरात बंदूक आहे? रोज सकाळी झेंड्यासमोर छातीवर हात ठेवून शपथ म्हणायची हे खरं का? शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं, तेव्हा वर्गातली जर्मन बाईसुद्धा चमकली. अमेरिकेत १९४३ पासून कुणावर सक्ती करता येत नाही, हे मी सांगितलं. तरी त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तोच विषय चालला.

उलट मला धक्का बसला तो वर्गात फळ्याच्या वर क्रूस बघून. आमच्याकडे सरकारी शाळेत प्रार्थना घेणं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच बंद केलं. इथे १९९५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने क्रूस सक्तीचा नको म्हणून निकाल दिला, तर बायर्नने नवा कायदा करून तो भिंतीवर ठेवलाच. एखाद्या पालकाने सबळ आक्षेप घेतला तर तोडगा काढायचा, एवढीच सोय. धर्म हा गुणांचा विषय आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट किंवा ज्यांना दोन्ही नको त्यांना नीतिशास्त्र. तास सुरू झाला की वर्ग तीन खोल्यांत विभागला जातो.

बाकी शाळेचं वेळापत्रक मला फार आवडलं. पावणेआठला सुरुवात, एकच्या सुमारास बहुतेकांची सुट्टी. शाळेचा संघ नाही, गणवेश नाही, बँड नाही. खेळ, गाणं, वाजवणं सगळं गावातल्या 'फेराइन'मध्ये, म्हणजे नोंदणीकृत मंडळात. मुलं शाईच्या पेनने लिहितात. सहामाहीत प्रगतिपुस्तकात १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे कल्याण. आणि 'एक्स' नावाची बायर्नची खास देणगी: आधी न सांगता घ्यायची लेखी चाचणी. ती बंद करावी म्हणून याचिका झाली, मुख्यमंत्री सोडर साहेबांनी 'एक्स' राहणार म्हणून सांगून टाकलं.

रविवार, कचरा, बसगाड्या, एकटेपणा यावर लिहायचं आहेच, पण आधी कोणाला रस आहे का ते बघते.

रामस्टाइनची_वहिनी

रस आहे, लिही! मी तुझ्या अगदी उलट टोकाला. नवरा अमेरिकन हवाई दलाच्या कंत्राटावर, आम्ही कैझरस्लाउटर्नजवळ. आमच्या भागात सैनिक, कर्मचारी, कुटुंबं धरून पन्नासेक हजार अमेरिकन. तळावर डॉलरमध्ये वाणसामान, अमेरिकन शाळा, अमेरिकन दवाखाना. जर्मनचा एक शब्द न येता पाच-सहा वर्षं काढलेल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. घरातून तळावर, तळावरून घरी. मध्ये जर्मनी लागतो तो फक्त गाडीच्या काचेतून.

तुला कॅम्पवर जाता येतं का गं? निदान पीनट बटरसाठी?

शेंगदाणाकूट

नाही वहिनी, माझ्याकडे तो परवानाच नाही. पासपोर्ट अमेरिकेचा असला तरी सैन्याशी संबंध नाही म्हणजे फाटकाबाहेर. मुलांना हे पटतच नाही. दर आठवड्याला कोणीतरी दबक्या आवाजात येऊन कॅम्पमधून अमुक शीतपेय आणाल का विचारतं. आणि पीनट बटर कशाला, माझं नाव वाचलं नाही का? कूट मी घरीच करते.

मास्तर_सातारा

मी साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलातून इंग्रजीचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. आपल्या लेखनातील शैक्षणिक भाग अधिक वाचावयास आवडेल. तेथे सर्वच मुले एका शाळेत का नसतात? रेआलशूलं म्हणजे नक्की कोणाची शाळा?

शेंगदाणाकूट

सर, बरं झालं विचारलंत, कारण इथे आल्यापासून मला ज्याचा खरा त्रास होतो ती गोष्ट हीच.

बायर्नमध्ये प्राथमिक शाळा फक्त चौथीपर्यंत. चौथीच्या मे महिन्यात एक विशेष प्रगतिपुस्तक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल गिम्नाझिउमला, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूलंला, बाकीची मिटेलशूलंला. सोप्या हिशेबात तीन गुणांची बेरीज ७ आली तर पहिला रस्ता, ८ आली तर दुसरा. गिम्नाझिउम विद्यापीठाच्या दिशेने जातं, आमची शाळा दहावीला संपते. दहा वर्षांच्या पोराचं हे सगळं एका अंकावर ठरतं! सरासरी थोडी हुकली तर चाचणी-वर्गाला बसता येतं आणि पुढे मोठेपणी उलट्या वाटेने विद्यापीठात पोचायचेही रस्ते आहेत, ते नाकारत नाही. पण माझ्या पाचवीच्या वर्गात मुलं अजूनही एकमेकांना "तुझे किती होते?" विचारतात आणि कोणाची बहीण गिम्नाझिउमला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी हे शिक्षकांच्या खोलीत बोलले. उत्तर आलं, "तुमच्याकडे हेच काम घराच्या किमती करतात." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पेनसिल्व्हेनियात शाळांचा मोठा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत. तरीही दहाव्या वर्षी चाळणी लावणं मला पटत नाही. मतभेद राहिला, चहा चालू राहिला. (चहा म्हणजे कॉफी.)

स्टुटगार्टकर

धागा छान. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये चौथीनंतरचा निर्णय २०१२ पासून आईबापांवर सोडला होता, आता पुन्हा आवळलाय. प्रत्येक राज्याचं शिक्षण वेगळं, त्यामुळे 'जर्मनीत असं असतं' हे वाक्य शाळांबाबत वापरूच नये.

पण ताई, नाण्याची दुसरी बाजूही लिहा. तुमच्या दहावीतली निम्मी पोरं आत्ताच कंपनीशी करार करून बसली असतील. आठवड्यात तीन-चार दिवस कामावर, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत, वर पगार. माझ्या हाताखालचा मेकॅट्रॉनिक्सचा पोरगा विशीत स्वतःच्या पायावर उभा आहे. आपल्याकडे इंजिनीअर होऊन पोरं काय करतात ते बोलू नये.

शेंगदाणाकूट

बरोबर आहे, आणि मलाही ते बघून हेवा वाटतो. माझा एक विद्यार्थी, सोळाही पूर्ण नाहीत, शरद ऋतूतच त्याच्या हातात सुतारकामाचा करार. त्याला इंग्रजीत स्वतःविषयी पाच वाक्यं लिहायला सांगितली तर त्यातली चार लाकडाच्या जातींवर होती. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण नंतर कॉलेज कधी करणार?" तिला समजावणं मी सोडून दिलं. सांगली काय, पिट्सबर्ग काय, आपल्या आईबापांना डिग्रीशिवाय माणूस अर्धवट वाटतो.

तिरपागडा

वाचतोय. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आठवड्याला १२ तास काम, सरकारी विद्यावृत्ती, अमेरिकेचा पासपोर्ट, वर्षभराने परत. याला 'जर्मनीतलं रोजचं आयुष्य' म्हणणं म्हणजे गोव्याला आठवडाभर राहून कोकणी संसारावर लिहिण्यासारखं आहे. इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुली आहेत, त्यांना विचारा रोजचं आयुष्य.

शेंगदाणाकूट

राग नाही. पासपोर्टचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मी व्हिसाशिवाय विमानात बसले, इथे उतरले, आणि राहण्याचा परवाना नंतर जिल्हा कचेरीत जाऊन मागितला. अमेरिका, कॅनडा, जपान अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना ही मुभा आहे. त्याच कचेरीत माझ्या शेजारी केरळची एक नर्स बसली होती. तिने व्हिसा, भाषेची परीक्षा, पदवीची मान्यता सगळं आधी करून मग विमान पकडलं होतं. दिसायला आम्ही दोघी बहिणी, कारकुनाने आधी दोघींना एकाच रांगेत धरलं. मी अमेरिकेचा पासपोर्ट टेबलावर ठेवल्यावर त्याचा आवाज बदलला. ते मलाही दिसलं, तिलाही दिसलं.

पण वर्षाचा पाहुणा म्हणून कचरा, भाडं, थंडी आणि रविवार कोणी माफ करत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतं रोजचं आयुष्य मी लिहिणारच.

तर रविवार. दुकानं बंद हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोठ्या शहरात निदान रेल्वे स्टेशनवरचं दुकान उघडं असतं. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक घड्याळ. शनिवारी रात्री आठला सुपरमार्केटचं दार लागलं की सोमवार सकाळपर्यंत जे घरात आहे ते आहे. बेकरी रविवारी थोडा वेळ उघडते, तीही ब्रेडपुरती. रविवारची विश्रांती हा इथे राज्यघटनेतला मजकूर आहे, वायमार काळातलं कलम आजच्या घटनेत तसंच घेतलंय. त्यामुळे रविवारी ड्रिल मशीन लावलंत तर शेजारी तक्रार करतो तेव्हा घटना त्याच्या बाजूने असते. काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा रविवारी कुंडात टाकायच्या नाहीत, आवाज होतो.

पहिल्या महिन्यांत मला या रविवारांची भीती वाटायची. शनिवारी दुपारपासूनच पोटात गोळा. सहकारी चांगले होते, पण प्रत्येकाचं घर, आजी, केक, ठरलेली फेरी. कोणी दुष्टपणे वगळत नव्हतं. त्यांच्या रविवारात गेली चाळीस वर्षं जागा रिकामी झालेलीच नव्हती.

अनघा_के

हे अगदी पटलं. आम्ही नीडरझाक्सनच्या खेड्यात होतो तेव्हा हेच. मग यातून बाहेर कशी पडलीस?

शेंगदाणाकूट

टेबल टेनिस.

शिपाईकाकांनी (हाउसमाइस्टर, शाळेतला सगळ्यात ताकदवान माणूस, मधल्या सुट्टीत लोणी लावलेला ब्रेझेलही तेच विकतात) एकदा विचारलं, भारतीय आहात म्हणजे टेबल टेनिस खेळत असाल? तर्क कुठून आला देव जाणे, पण खेळायचे. त्यांनी मंगळवारी हॉलवर बोलावलं. तिथे गेल्यावर आधी अर्ज, मग बँकेतून वर्गणी कापायची परवानगी, मग कपाटाची किल्ली. त्या दिवसापासून मी गावात 'कॅम्पवरची की काय' उरले नाही, 'टेबल टेनिसमधली' झाले.

फेराइन म्हणजे काय ते आपल्या लोकांना सांगणं सोपं आहे: वर्षभर चालणारं गणेशोत्सव मंडळ. अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, मानापमान, मागच्या वर्षीच्या हिशेबावरून भांडण, सगळं ओळखीचं. फरक इतकाच की वार्षिक सभेत हिशेब तपासनीस उभं राहून शेवटच्या सेंटपर्यंत वाचून दाखवतो आणि लोक खरंच ऐकतात.

शिक्षक असल्यामुळे गावात मान आयता मिळतो. रस्त्यात मुलं 'गुड मॉर्निंग' ओरडतात, पालक टोपी उचलतात. पण त्या मानाच्या बळावर कोणी घरी जेवायला बोलवत नाही. घरी बोलावणं आलं ते दुहेरीत हरल्यानंतर.

स्टुटगार्टकर

सात माणसं जमली की फेराइन नोंदवता येतो, तशी कायद्यातच तरतूद आहे. म्हणून जिथे तिथे फेराइन. छोट्या गावात पगारी अग्निशमन दलही नसतं, तिथेही स्वयंसेवकांचंच दल. भोंगा वाजला की बेकरीवाला पीठ टाकून पळतो.

आमच्या श्वाबेनमध्ये वेगळीच गंमत आहे, केरवोखं. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना, फरशी, फूटपाथ तुम्ही झाडायचा. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मुंबईने ही पाटी तेवढी का घेतली नाही?

रामस्टाइनची_वहिनी

😂 गिरगावातल्या चाळीत ती पाटी लटकवली असती तर पाटीच चोरीला गेली असती.

शेंगदाणाकूट, खाण्याचं काय करतेस? शाकाहारी आहेस का?

शेंगदाणाकूट

अंडी खाते, बाकी शाकाहारी. ओबरफाल्झमध्ये एक जुनी म्हण आहे, सकाळी बटाटे, दुपारी रश्शात बटाटे, रात्री सालीसकट बटाटे आणि असेच अनंतकाळ बटाटे. गरीब मुलुख होता, दुसरं पिकायचं नाही. आज ते अभिमानाने सांगतात. आपल्याला काय, मोहरी-हळद-हिरवी मिरची असली की काम झालं. घरमालकिणीला पिवळी भाजी एकदा दिली. तिने कृती लिहून घेतली आणि त्यात क्रीम घातलं.

आणि 'त्सोइगल' या इथल्या घरच्या बिअरबद्दल लिहिलं नाही तर इथली माणसं मला माफ करणार नाहीत. विंडिशएशनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्कनबेर्ग, एस्लार्न या पाच गावांत गावाची सामायिक भट्टी आहे. ज्या घरांना जुना हक्क आहे ती तिथे आळीपाळीने बिअर काढतात, घरच्या तळघरात मुरवतात आणि आपली पाळी आली की दारावर सहा टोकांचा तारा लटकवून घरातच लोकांना पाजतात. पाळ्यांचं कॅलेंडर छापलेलं असतं. बाकांवर अनोळखी माणसांना चिकटून बसायचं, स्वतंत्र टेबल वगैरे भानगड नाही. मी बिअर अर्धी पिते, पण ब्रेड, मुळा आणि लाल तिखट घातलेलं कालवलेलं चीज यावर ताव मारते. एकट्या बाईने संध्याकाळी जाऊन बसावं आणि कोणी वळून बघू नये, अशी जागा मला पिट्सबर्गमध्येही मिळाली नव्हती.

मास्तर_सातारा

हे सर्व रंजक आहे. परंतु एक प्रश्न. जर्मन मुलांना त्यांच्या इतिहासाबद्दल कसे शिकवतात? आपण परदेशी, त्यातून अमेरिकन. आपल्यासमोर ती मुले मोकळेपणाने बोलतात काय?

शेंगदाणाकूट

सर, यावर लिहावं की नाही असं मनात होतं, पण विचारलंत तर लिहिते.

आमच्यापासून फार लांब नाही असं फ्लोसेनब्युर्ग नावाचं खेडं आहे. ग्रॅनाइटची खाण. मे १९३८ मध्ये नाझींनी तिथे छळछावणी काढली, कैद्यांकडून दगड फोडून घेण्यासाठी. उपछावण्या धरून सुमारे एक लाख कैदी, त्यातले तीस हजार मेले. पाद्री डीट्रिख बोनहोफर यांना तिथे ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली आणि दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन सैन्य पोचलं. इथल्या रेआलशूलं आणि गिम्नाझिउमच्या मुलांना शाळेच्या काळात एकदा तरी अशा स्मारकाला नेतात, तसा नियम आहे. नववीबरोबर मी गेले होते.

छावणी गावाबाहेर कुठे जंगलात असेल असं मला वाटत होतं. ती गावातच आहे. युद्धानंतर छावणीच्या जमिनीच्या काही भागावर घरं बांधली गेली, त्यांच्या अंगणात झोपाळे आहेत, कपडे वाळत घातलेले आहेत. मुलं शांत होती, रडारड वगैरे काही नाही. इतिहासाच्या सरांनी भाषण केलं नाही, नुसती कैद्यांची पत्रकं वाचायला दिली: नाव, जन्मगाव, धंदा.

परतताना बसमध्ये एका मुलीने मला इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे गुलामांच्या मळ्यांवर वर्गाला नेतात का? मी म्हटलं, आमच्या शाळेने तरी नेलं नाही. आणि मळ्यांवर काही ठिकाणी लोक लग्नं लावतात हेही सांगितलं, कारण खरं आहे. तिला वाटलं मी विनोद करतेय.

मोकळेपणाने बोलतात का? नववीतली मुलं बोलतात. घरी आजी-पणजीविषयी काय बोलणं होतं ते मात्र मला कधी कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. अमेरिकनांविषयी म्हाताऱ्या भरभरून बोलतात: रणगाड्यावरून फेकलेलं चॉकलेट, पहिल्यांदा बघितलेला काळा माणूस. गोष्ट १९४५ च्या एप्रिलात सुरू होते. त्याच्या आधी फारशी जात नाही.

तिरपागडा

हा प्रतिसाद आवडला. आधीचा माझा मुद्दा अजून कायम आहे, पण हा आवडला.

नाशिकची_जुई

ताई, मी बी.एड. आहे, इंग्रजी आणि इतिहास. नाशिकमध्ये जर्मनचा बी-१ (मधल्या पातळीचा) वर्ग चालू आहे. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्गचा २०२४ मध्ये करार झाला तेव्हापासून आमच्या क्लासला गर्दीच गर्दी. मला शिक्षिका म्हणून यायचंय. तुमच्यासारखा मार्ग मला मिळेल का?

शेंगदाणाकूट

जुई, माझा मार्ग नाही मिळणार. अमेरिकेतून येणारी ही फुलब्राइट जागा अमेरिकन नागरिकांपुरती आहे. कायम शिक्षक व्हायचं तर इथे सहसा दोन विषय, तुझ्या पदवीची राज्याकडून तपासणी, कमी पडेल त्याचं पूरक प्रशिक्षण आणि जर्मन सी-१ किंवा सी-२. बी-१ वर कोणी एजंट 'शिक्षिकेची जागा पक्की' म्हणत असेल तर एक रुपया देऊ नकोस. तुझे दोन विषय आहेत ही जमेची बाजू. आधी देश बघायचा असेल तर सरकारी स्वयंसेवक सेवेचं एक वर्ष परदेशी तरुणांनाही खुलं असतं, पण पैसे हातखर्चापुरते.

स्टुटगार्टकर

दुजोरा. जुई, त्या करारात नर्सिंग, वीजतंत्री, चालक असे धंदे आहेत, शाळामास्तर नाहीत. आणि घर भाड्याने घेताना अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागितली तर देऊ नकोस, कायद्याने तेवढीच. बहुतेक घरांत स्वयंपाकघराचा ओटासुद्धा नसतो, आधीचा भाडेकरू उचकटून नेतो.

शेंगदाणाकूट, शाळेत गोळीबार झाला तर लपायच्या कवायती नाहीत म्हणून इथे निर्धास्त वाटत असेल ना? तरी सांगतो, २००२ मध्ये एरफुर्टला आणि २००९ मध्ये आमच्या शेजारच्या विनेंडनला शाळेत गोळीबार झालेत. विनेंडनही काही मोठं शहर नाही.

शेंगदाणाकूट

माहीत आहे. आमच्या शाळेतही त्या प्रसंगासाठी वेगळा गजर आहे, सहकाऱ्यांनी आल्या आल्या दाखवला. पण पेनसिल्व्हेनियात मी हायस्कूलला असताना दिवे घालवून कोपऱ्यात बसायच्या कवायती नेमाने व्हायच्या. इथल्या मुलांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या देशाचा हेवा करणं थांबवलं.

बाकी कॅम्पची सध्याची चर्चा म्हणजे सैन्य राहणार की जाणार. २०२० मध्ये जवळच्या फिल्सेकच्या तळावरची अमेरिकन तुकडी परत न्यायची घोषणा झाली होती, पुढच्या वर्षी ती थांबली. गावात अर्ध्या घरांत कोणीतरी कॅम्पवर गवंडी, वीजतंत्री, स्वयंपाकी आहे. वॉशिंग्टनची बातमी माझ्याआधी बेकरीत पोचते आणि मला विचारतात, "तुमचे लोक काय करणार?" जसं काही मला फोन येतो.

रामस्टाइनची_वहिनी

आमच्याकडेही हेच! न्हावीसुद्धा विचारतो.

जाता जाता पाडव्यासाठी टीप: ४० टक्के फॅटचा क्वार्क (इथला चक्क्यासारखा पदार्थ) आण, फडक्यात तासभर बांध, पिठीसाखर, वेलची, केशर. चक्का टांगायची गरज नाही, श्रीखंड तयार.

शेंगदाणाकूट

वहिनी, केलं की! शिक्षकांच्या खोलीत ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो अशी पद्धत आहे. मी केकऐवजी श्रीखंड नेलं. गणिताच्या सरांनी ते ब्रेडला लावून खाल्लं.

अनघा_के

कोणाला माहीत असेल तर: बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट आणि प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात ते ठीक, पण छोट्या गावातल्या दुकानाचं यंत्र बाहेरगावच्या दुकानातली प्लास्टिकची बाटली घेतं का? भाचा शिकायला येतोय, त्याच्या दहा प्रश्नांतला हा पहिला आहे.

स्टुटगार्टकर

२५ सेंटवाली एकदाच वापरायची बाटली किंवा डबा, त्यावर ठेवीचं चिन्ह असेल आणि दुकान प्लास्टिकच्या बाटल्या विकत असेल, तर घ्यावीच लागते, कुठेही घेतलेली असो. अगदी टीचभर दुकान असेल तर ते फक्त स्वतः विकतात त्याच कंपनीच्या घेतात. बाटली चेपून टाकू नको म्हणावं, यंत्राला पट्ट्या वाचता यायला हव्यात.